जुन्या कॅराव्हॅन ट्रेलरचं आतलं काम नव्याने करायचंय. सामानाला जास्त जागा आणि झोपायला आराम, दोन्ही कसं जमवावं?

कपाटं किती बसतील हे नंतर बघा, आधी ती कुठे बसवणार ते ठरवा. आमच्या घरात याच गोष्टीवरून चार वर्षं वाद चालू आहे, म्हणून लिहितोय.

माझ्या थोरल्या भावाने, अण्णांनी, एक जुना बारा फुटी ट्रेलर घेतला. आतलं लाकूड पार कुजलेलं. काम दिलं फ्लॅटचं फर्निचर करणाऱ्या मिस्त्रीला, आणि सांगितलंही इंदिरानगरच्या घराला सांगितलं होतं तसंच: सगळीकडे १८ मिमीचा प्लाय, वर सनमायका, मागच्या भिंतीला छतापर्यंत कपाट, शेजारी चार बाय दोनचा कडप्प्याचा ओटा. मी तेव्हाच म्हटलं, अण्णा, हे घर रस्त्यावर पळणार आहे. आठ बाय चारचा १८ मिमीचा एक प्लाय साधारण ३५ किलो भरतो, कडप्पा चाळीसच्या आसपास. "काम मजबूत पाहिजे," एवढंच उत्तर मिळालं.

पहिलीच ट्रिप भंडारदऱ्याची. मुंबई हायवेवर वाडीवऱ्हेच्या पुढे एका उतारावर साठ-पासष्टचा स्पीड असेल, ट्रेलरची शेपटी डावी-उजवीकडे हलायला लागली आणि बघता बघता गाडीलाही फरफटवायला लागली. मागच्या सीटवर वहिनी आणि दोन्ही पोरं. अण्णांनी ब्रेक दाबला नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून स्टिअरिंग सरळ धरलं, म्हणून वाचलो. ते श्रेय त्यांचंच. घोटी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

परत आल्यावर ट्रेलर वजनकाट्यावर नेला: सामानासकट ८०० किलो. ट्रेलर गाडीला जोडतो त्या पुढच्या हुकखाली घरातला वजनकाटा ठेवला तर फक्त २४ किलो! एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकवर यावा लागतो, म्हणजे किमान ८०. मागच्या कपाटाने आणि ओट्याने ट्रेलरचं पुढचं तोंड उचलून धरलं होतं, म्हणूनच शेपटी हलली.

मग मी सगळं उचकटलं. हलक्या फ्रेमवर ६ मिमीचा प्लाय, ओट्याला १२ मिमी. पाण्याची टाकी, बॅटरी, डाळ-तांदळाचे डबे असं जड ते सगळं चाकांच्या आसाजवळ, बाकड्यांच्या खणांत. वरच्या कपाटांत फक्त कपडे आणि चादरी. ड्रॉवरला दाबून उघडणारं लॉक लावाच, नुसत्या चॅनलवरचे ड्रॉवर पहिल्याच वळणावर बाहेर येतात. गादीखाली सलग प्लाय टाकू नका, फटी सोडून पट्ट्या मारा. इगतपुरीच्या पावसात बंद ट्रेलरमध्ये दोन रात्री झोपलं की श्वासाची वाफ थंड होऊन गादी खालून ओली होते.

अण्णा अजून म्हणतात, तेव्हा टायरमध्ये हवा कमी होती. नंतर त्याच टायरांवर, तेवढीच हवा भरून, त्याच उतारावरून आम्ही तीनदा गेलो. हुकवर ९५ किलो होते आणि ट्रेलर रेसभरही हलला नाही. हवेचा मुद्दा तिथेच संपायला हवा होता.

हो, हुकवर वाटेल तेवढं वजनही टाकू नका, गाडीचं पुढचं तोंड हलकं होतं. तिला किती चालतं ते पुस्तिकेत असतं. आणि सिलेंडर ठेवणार त्या खणाला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो.