मत नसलं तरी बॅलट वाचत जा

प्रिय पोरी,

परवा जेवताना तू म्हणालीस, काका मला इथे अमेरिकेत मतच नाही तर इलेक्शनशी माझा काय संबंध, आणि पाचच मिनिटांनी तूच विचारलंस की प्रेसिडेंट बदलला तर माझं ग्रीन कार्ड लवकर येईल का. तेव्हा सगळे बोलत होते म्हणून मी गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.

ग्रीन कार्डाचं असं आहे की नोकरीवाल्यांसाठी वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाच्या लोकांना त्यातले जास्तीत जास्त ७ टक्के, हे १९९० पासून कायद्यात बसलेलं आहे. प्रेसिडेंट नियम कडक करू शकतो, फी वाढवू शकतो, त्याचा त्रास होतोच, पण हे दोन आकडे हलवायचे तर काँग्रेसच, म्हणजे इथली संसदच, लागते. ती ७ टक्क्यांची अट काढायचं बिल २०१९ मध्ये हाउसमध्ये, म्हणजे तिच्या खालच्या सभागृहात, ३६५ विरुद्ध ६५ नी पास झालं होतं गं! मग २०२० च्या डिसेंबरात सेनेटनं, म्हणजे वरच्या सभागृहानं, वेगळंच व्हर्जन पास केलं, दोन्हींचा मेळ बसेपर्यंत मुदत संपली आणि बिल गेलं. त्या दिवशी आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चाललं होतं? ट्रंप आणि बायडेन. बिलावर एक ओळ नाही. मला अजून वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, टीव्हीवरच्या माणसाकडे कमी बघ आणि तुझ्या भागातून हाउसमध्ये कोण आहे ते आधी माहीत करून घे. दर दोन वर्षांनी त्याला निवडून यावं लागतं, आणि त्याच्या ऑफिसात लोकांची सरकारी कामं बघणारे केसवर्कर असतात, केस अडकली तर चौकशी करतात, तू नागरिक नसलीस तरी.

मी पहिल्यांदा मत दिलं ते इथल्या शाळेच्या जिममध्ये. टेबलामागे एक आजीबाई, मी नाव आणि पत्ता सांगितला, त्यांनी तो मोठ्यानं परत म्हटला, मग कागद आणि पेन. शाई नाही, बटण नाही, पेननं गोळे काळे करायचे आणि कागद स्वतः स्कॅनरमध्ये घालायचा. वरची दोन-तीन नावं मला माहीत होती, खालची एकही नाही, आणि शेवटी काउंटीनं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच, शाळांसाठी कर्ज काढावं का असा प्रश्न. पोरगी त्याच शाळेत जात होती आणि मी त्याबद्दल एक अक्षर वाचलं नव्हतं. हात थांबला माझा. आपल्या व्हर्जिनियात दरवर्षी नोव्हेंबरात काही ना काही इलेक्शन असतंच, तेव्हापासून महिनाभर आधी सँपल बॅलट, म्हणजे नमुन्याची मतपत्रिका, काढून वाचतो.

आणि एका मतानं काय होतं असं म्हणू नकोस. २०१७ ला इथल्याच न्यूपोर्ट न्यूज शहरातल्या विधानसभेच्या एका सीटवर दोघांना ११,६०८-११,६०८ मतं पडली, शेवटी जानेवारीत वाडग्यातून चिठ्ठी काढली, आपल्याकडे ग्रामपंचायतीला काढतात तशी, आणि त्यावर अख्ख्या हाउस ऑफ डेलिगेट्सचं, म्हणजे व्हर्जिनियाच्या विधानसभेचं, बहुमत ५१-४९ असं ठरलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे दोनदा वाच. लायसन्सच्या काउंटरवर किंवा ऑनलाइन फॉर्ममध्ये मतदार नोंदणी करायची का असं विचारतात. घाईत हो म्हणू नकोस. मी नागरिक आहे या चौकोनात कधीही टिक करू नकोस, समोरचा माणूस करा म्हणाला तरी नाही. माझ्या ओळखीतल्या एकानं न वाचता टिक केली, मत कधी दिलं नाही, पण नागरिकत्वाच्या इंटरव्ह्यूत नेमका तोच प्रश्न आला, तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंय का? कित्येक वर्षं वकील, कागद आणि रात्रीची झोप गेली त्याची. कुणी उमेदवाराच्या डिनरला शंभर डॉलर टाक म्हणालं तरी नाही म्हण, ग्रीन कार्डाआधी देणगी देणं बेकायदा आहे. फुकट स्वयंसेवक म्हणून काम केलेलं मात्र चालतं, स्कूल बोर्डाच्या मीटिंगला बसलेलंही चालतं, ते जरूर कर.

या नोव्हेंबरच्या मंगळवारी मी सकाळी सहालाच जाणार आहे, दार उघडतं तेव्हा. तू ये. आत तुला येता येणार नाही, पण दारापासून चाळीस फुटांवर पार्ट्यांचे लोक सँपल बॅलट वाटत उभे असतात, दोन्ही बाजूंचे घे, मी बाहेर आलो की शेजारच्या डायनरमध्ये बसून खालून वर वाचू.

तुझा काका