मागचे ड्रम काढून डिस्क बसवू का?

सोलापुरातल्या एका वाचकाची २०१८ची सेकंडहँड पिकअप आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे आणि हंगामात कांदा, असं भाडं. गाडीचे १३,५०० रुपयांचे १४ हप्ते बाकी, बँकेत ६२ हजार. गेल्या महिन्यात कांदा भरून तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेकचं पेडल खाली गेलं. गॅरेजवाला म्हणतो, मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक टाकू, ५८ हजार लागतील. २० हजार रोख, उरलेले त्याच्याच ओळखीत शेकडा दोननं.

नमस्कार. घाटात पेडल पायाखालून गेल्यावर कोणीही घाबरेल, तेव्हा ब्रेकवर खर्च करू नका असं मी म्हणणार नाही. पण हा खर्च नको.

वडिलांचा टेम्पो होता, त्यामुळे घाट उतरल्यावर तापलेल्या ड्रमवर बाटलीभर पाणी ओतलं की उठणारा तो 'छन्न' आवाज अजून कानात आहे. (तसं करू नका, ड्रमला तडा जातो.) ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून (आतून ड्रमवर दाबलं जाणारं अस्तर) लांब जातो आणि पेडल जास्त खाली जातं. त्यात ब्रेक ऑईल जुनं असेल तर आणखी वाईट, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ३ दर्जाचं ऑईल २०५ अंशांच्या आत उकळत नाही. पाणी धरलेलं १४० अंशांवरही उकळू शकतं, आणि उकळलं की वाफ होऊन पेडल पोकळ खाली जातं. ऑईल शेवटचं कधी बदललं, हे तुमच्या पत्रात नाही. दीड टनाच्या गाडीत दोन टन भरल्याचं मात्र आहे! ते पकडलं तर दंड २० हजार, शिवाय जादा टनामागे २ हजार.

डिस्क लवकर थंड होते, हे खरं. पण ड्रममधला लायनर फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आवळत जातो, डिस्कला तेवढाच जोर जास्त दाबानं द्यावा लागतो. म्हणजे मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑईलला देणारा) आणि लोडप्रमाणे मागचा दाब ठरवणारा व्हॉल्व्हही त्याला जुळायला हवा. हँडब्रेकही मागच्या ड्रममध्येच आहे, त्याचं काय, ते गॅरेजवाल्याला विचारा. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग, आणि अपघात झालाच तर विमावाला आधी हेच बदल शोधणार.

आता हिशेब. लायनर आणि व्हील सिलिंडरवर गेल्या वर्षी तुमचे ४,२०० गेले. हा खर्च पूर्ण वाचला असं धरलं तरी ५८ हजार वसूल व्हायला जवळपास चौदा वर्षं, आणि डिस्कलाही पॅड लागतातच. भाडं एका रुपयानं वाढणार नाही. ३८ हजारांचं व्याज महिन्याला ७६० रुपये, वर्षाला ९,१२०, मुद्दल तसंच उभं.

त्यापेक्षा ब्रेक ऑईल पूर्ण बदला, ड्रम घासून घ्या, लायनर, सिलिंडर, पाइप आणि तो व्हॉल्व्ह तपासून घ्या. माझ्या ओळखीच्या मेकॅनिकनं हे सगळं बारा हजारांच्या आत सांगितलं. पन्नास हजार बँकेत राहतील. हप्त्यांच्या मानानं ते साडेतीन महिन्यांचंच पाठबळ आहे, त्याला हात लावू नका. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा आणि माल पासिंगइतकाच भरा, भाडं थोडं बुडलं तरी.

शेकडा दोनच्या कागदावर अजून सही झाली नसेल, तर गॅरेजवाल्याला आजच नाही म्हणून कळवा.