बोल्ट लागला म्हणजे मॅनिफोल्ड बसला असं नाही

प्रश्न : नमस्कार. मी मिशिगनला असतो. गेल्या वर्षी ७४ सालची शेवी नोव्हा घेतली, ३५० क्युबिक इंचाच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनवाली. हेड काढून पोर्टिंग (हवेच्या वाटा, म्हणजे पोर्ट, मोठ्या करणं) करून घेतलं आणि कॉम्प्रेशन वाढावं म्हणून दोन्ही हेडना ३० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फेसिंग मारून, म्हणजे तळ तेवढा तासून घेतलं. आता एडेलब्रॉकचा परफॉर्मर आरपीएम मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरकडून हवा-पेट्रोल हेडमध्ये नेणारा इनटेकचा भाग) आणलाय, तर एका बाजूचे बोल्ट लागले की दुसऱ्या बाजूला भोकात अर्धाच उजेड दिसतो! मशीनवाला म्हणतो भोकं कानसून लांबट करा, बसेल. करू का? आणि पोर्ट मॅनिफोल्डलाही जुळवायचे असतात ना?
– एक वाचक

उत्तर : कानस सध्या बाजूलाच ठेवा. भोकं लांबट केली की बोल्ट लागतील हो, पण फेसला फेस टेकलाय का ते त्यातून कळणार नाही, आणि खरा घोळ तिथेच असतो.

हे इंजिन नव्वद अंशांचं व्ही आहे, आणि मॅनिफोल्ड दोन हेडच्या मध्ये पाचरीसारखा बसतो. तुम्ही हेडच्या खालून ३० थाउ काढले, म्हणजे दोन्ही हेड खाली उतरले आणि एकमेकांच्या जवळही आले, मग पाचर खाली जाणार कशी, ती वरच अडकते. म्हणून मॅनिफोल्डची भोकं आणि पोर्ट दोन्ही हेडच्या मानानं वर राहतात. एक बाजू जबरदस्तीनं जुळवली की सगळा फरक दुसऱ्या बाजूला जातो, तुम्हाला दिसतंय ते हेच.

स्मॉल ब्लॉक शेवीचा हिशोब ठरलेला आहे. हेडच्या खालून जेवढं काढलं त्याच्या १.२३ पट इनटेकच्या फेसवरून काढायचं, आणि मॅनिफोल्डच्या पुढच्या-मागच्या तळाकडून १.७१ पट. म्हणजे तुमच्या ३० थाउला प्रत्येक बाजूच्या फेसवरून साधारण ३७ थाउ, तळाचे ५१. पण थांबा, हे आकडे घेऊन लगेच मशीनवर पळू नका, कारण ३० थाउ हा सगळा हिशोब नाही. ब्लॉकचा डेक, म्हणजे हेड बसतं तो वरचा पृष्ठभाग, कधी फेस केलाय का? हेड गॅस्केट कोणतं टाकलं? जुनं स्टील शिमचं गॅस्केट १५ थाउचं असतं आणि हल्लीचं कॉम्पोझिशन दाबल्यावर ४० च्या आसपास, म्हणजे नुसतं गॅस्केट बदललं तरी २५ थाउचा फरक पडतो, आणि लोक तोच विसरतात. सगळं बेरजेत धरा.

आधी मोजा. हेड टॉर्कला आवळलेले असू देत, इनटेकचं गॅस्केट न टाकता मॅनिफोल्ड नुसता ठेवा, पुढे-मागे कॉर्क-रबरही नको. फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचं माप) घेऊन चारही कोपऱ्यांवर, फेसच्या वरच्या कडेला आणि खालच्या कडेला, फट बघा. खालच्या कडेला पान सरकतंय आणि वर घट्ट, असं असेल तर कोनच बिघडलाय, तिथे भोकं कितीही मोठी करा, आवळल्यावर वरची कड दाबली जाईल आणि खाली व्हॅलीच्या (दोन हेडमधल्या, मॅनिफोल्डखालच्या तेलकट पोकळीच्या) बाजूला फट उरेल. ही फट सगळ्यात वाईट, कारण बाहेरून काही कळत नाही, कार्ब क्लीनर मारून लीक शोधता तेही इथे चालत नाही. इंजिन व्हॅलीतलं तेल आत ओढतं, निळा धूर येतो, प्लग तेलकट होतात आणि माणूस व्हॉल्व्ह सील नाहीतर रिंगा बदलत बसतो. संशय आला तर पीसीव्हीची (इंजिनातला धूर परत इनटेकमध्ये ओढणारी) नळी काढून ती जिथे जिथे लागते ती दोन्ही तोंडं बुच मारून बंद करा, ब्रीदर (इंजिनात हवा घेणारं तोंड) बंद करा आणि तेल भरायच्या तोंडावर तळहात ठेवा. हात बाहेर ढकलला गेला तर ठीक, आत ओढला गेला तर समजा फट तिथेच आहे.

मशीनिंग कशावर करायचं हा वाद आहे. माझं विचाराल तर हेडचा इनटेक फेस मारा, मॅनिफोल्ड नाही. उद्या हा विकून दुसरा घेतलात तर तो सरळ बसेल. नाहीतर हा मॅनिफोल्ड फक्त याच दोन हेडना चालणारा होतो, आणि विकायला गेलात की गिऱ्हाईक शिव्या घालतं. तळाचे ५१ मात्र सरसकट काढू नका, पुढे-मागे ब्लॉकच्या भिंतीवर जागा किती उरते ते बघा, बऱ्याचदा भरपूर असते. तिथे कॉर्कचे तुकडे न लावता आरटीव्ही सिलिकॉनची (ट्यूबमधून येणारा, नंतर घट्ट होणारा सीलंट) बोटभर नाही, पाव इंचाची वळी ओढा.

मॅनिफोल्ड खाली बसला की डिस्ट्रिब्युटरही खाली जातो, हे कुणी सांगत नाही. गॅस्केटशिवाय डिस्ट्रिब्युटर टाकून बघा, कॉलर मॅनिफोल्डला टेकायच्या आधीच दांडा ऑइल पंपाच्या शाफ्टवर अडत असेल तर कॉलरखाली शिम (पातळ चकती) घाला, तसाच आवळून चालवलात तर गिअर जातो.

पोर्टचं म्हणाल तर जुळवा, पण हा फेस ठीक झाल्यावर, आधी नाही. निळी शाई लावून गॅस्केटनं रेघ मारा. मॅनिफोल्डचं तोंड हेडपेक्षा किंचित लहान राहिलं तर काही बिघडत नाही, उलटी पायरी, म्हणजे वाहत्या हवेला हेडची कड आडवी येणं, ते वाईट. आणि आतून आरशासारखं पॉलिश नको, कार्बची गाडी आहे, पेट्रोल भिंतीवर ओघळतं. शेवटी बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, २५ फूट-पाउंड.

प्रश्न : माझ्याकडे ट्रकमधून काढलेले ९६ नंतरचे वोर्टेक (शेवीच्याच स्मॉल ब्लॉकचे नंतरचे) हेड आहेत, जुना १२ बोल्टचा मॅनिफोल्ड बसेल का?
– दुसरे एक वाचक

उत्तर : नाही बसणार. वोर्टेकला आठच बोल्ट, तेही उभे, आणि पोर्टही उंच. वोर्टेकसाठीचाच घ्या. आवळताना हात आवरा, जुन्या लोखंडी मॅनिफोल्डला ३० फूट-पाउंड चालायचे, इथे फक्त ११.