नाट्यगृह मागच्या दाराने बघावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावात नगरपालिका बाराशे खुर्च्यांचं बहुउद्देशीय सभागृह बांधतेय, लग्नं, सभा आणि नाटकं सगळं तिथेच होणार, मग नाटकाला वेगळी इमारत लागते कशाला? नाटक तर कुठेही करता येतं.

करता येतं, अगदी खरं. देवळात, अंगणात, शाळेच्या वर्गात, कुठेही. पण बाराशे खुर्च्यांच्या बहुउद्देशीय सभागृहात करणं फार कठीण. मी अकरा वर्षं व्यावसायिक नाटकांच्या बॅकस्टेजला होतो. सेट लावणं, काढणं, टेम्पोत भरणं आणि पुढच्या गावी परत लावणं हे माझं काम. त्यामुळे मी कुठलंही नाट्यगृह आधी मागच्या दाराने बघतो. पुढच्या दाराला झुंबर आहे की कारंजं, याच्याशी आमचा संबंध रात्री साडेबाराला चहा शोधताना येतो तेवढाच.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी (नाव घेत नाही) नव्याकोऱ्या सभागृहात आमचा प्रयोग होता. मागचं दार जेमतेम साडेतीन फुटांचं, आत शिरल्याबरोबर काटकोनात वळणारा जिना. आमचे फ्लॅट (म्हणजे सेटच्या भिंतींच्या चौकटी) आठ फूट उंच, शिवाय तीन माणसांचा सोफा. शेवटी सगळं सामान पुढच्या दाराने, ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवरून, प्रेक्षकांच्या खुर्च्यांमधून वर नेलं. उजव्या विंगेत लग्नाचं सिंहासन, तेही भिंतीला बोल्ट मारून बसवलेलं. स्टेज छातीएवढं उंच, कारण ते भाषणांसाठी बांधलेलं. पहिल्या तीन रांगांतल्या मान्यवरांनी अख्खा पहिला अंक नटांच्या चपला बघितल्या. रंगमंचाच्या मागे भिंत आणि त्या भिंतीत कायमचं शिल्प. त्यामुळे डाव्या विंगेतून गेलेल्या नटाला उजवीकडून यायचं तर इमारतीला बाहेरून वळसा. पाऊस होता. नाटकातल्या उन्हाळ्याच्या दुपारी नायक ओलाचिंब होऊन आला आणि प्रेक्षकांना वाटलं, यात काहीतरी अर्थ असणार.

हे गमतीचं झालं. आवाजाचं दुखणं यापेक्षा मोठं आहे. भिंतींना टाइल्स, खाली ग्रॅनाइट, वर घुमट. बोलण्यासाठी असलेल्या हॉलमध्ये आवाज साधारण सेकंदभरात विरायला हवा; अशा ठिकाणी तो दोन-अडीच सेकंद घुमत राहतो. शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर येतं. विनोदी नाटकात हशा पिकतो तो वाक्याच्या शेवटच्या दोन अक्षरांवर, आणि नेमकी तीच गिळली जातात. आमचे मुरलेले नट थांबून थांबून बोलायला लागले. प्रयोग बारा मिनिटं लांबला आणि पडला. ‘माइक आहेत की’ असं तुमचे नगरसेवक म्हणतील. माइक लावला की तोच गोंगाट मोठ्याने ऐकू येतो, आणि नट डावीकडे उभा असताना त्याचा आवाज खांबावरच्या स्पीकरच्या डब्यातून येतो.

आता थोडं मागे जाऊ, कारण हे भांडण फार जुनं आहे. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय सगळा नाट्यगृहाच्या बांधकामावर आहे. आकार तीन: विकृष्ट म्हणजे लांबट, चतुरस्र म्हणजे चौरस, त्र्यस्र म्हणजे त्रिकोणी. मापंही तीन: 108, 64 आणि 32 हात. पैकी सर्वांत मोठं माप देवांसाठी. माणसांनी 64 बाय 32 हातांच्या पुढे जाऊ नये, असं तो बजावतो. कारणही देतो: फार मोठ्या मंडपात आवाज बिघडतो आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसेनासे होतात. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर 96 बाय 48 फूट. त्यातही पुढचा अर्धा भाग प्रेक्षकांचा आणि मागचा अर्धा रंगभूमीचा व नेपथ्यगृहाचा. (नेपथ्य म्हणजे तेव्हा रंगभूषा-वेशभूषेची जागा, आपण मराठीत त्याचा सेट करून टाकला.) म्हणजे शेवटचा प्रेक्षकसुद्धा नटापासून पन्नास फुटांच्या आत. आणि निम्मी इमारत नाटकवाल्यांची! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा भरतमुनींनी कधीतरी टेम्पो रिकामा केला असावा अशी माझी खात्री पटली. मंडप डोंगरातल्या गुहेसारखा असावा, खिडक्या लहान असाव्यात, वारा आत घुसू नये म्हणजे आवाज गंभीर राहतो, हेही त्याच अध्यायात आहे.

तुम्ही म्हणाल, मग मोठी नाट्यगृहं चालतात कशी? पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर हजारच्या आसपास प्रेक्षकांचं आहे. 1962 साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि 1968 मध्ये ते उघडलं. व्यावसायिक नाटकाला एवढ्या खुर्च्या लागतात, कारण बस, टेम्पो, जाहिरात, नाट्यगृहाचं भाडं आणि नाइट (म्हणजे कलाकारांचं दर प्रयोगाचं मानधन) हे सगळं त्यातूनच निघतं. पण तिथे बाल्कनी आहे. लोक मागे मागे सरकण्याऐवजी वर चढतात आणि रंगमंचाच्या जवळ राहतात. ती इमारत नाटकासाठी म्हणून बांधली, एवढाच मुद्दा.

कोल्हापूरचं उदाहरण मला जास्त जवळचं. शाहू महाराजांनी तिथे खासबागेचं कुस्ती मैदान आणि त्याला लागून पॅलेस थिएटर बांधलं. थिएटर 1915 मध्ये सुरू झालं. कुस्ती आणि नाटक शेजारी शेजारी, पण एकाच छपराखाली नाही, हे तुमच्या नगरपालिकेला आवर्जून सांगा. तो काळ माइकचा नव्हता. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन गायक नट 1921 च्या जुलैत मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ला, म्हणजे दोघांच्या कंपन्यांनी मिळून केलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या प्रयोगाला, एकत्र उभे राहिले ते स्वतःच्या गळ्यावर. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. पुढे पॅलेस थिएटरला त्यांचंच नाव मिळालं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी तोवर लाइन सोडून दुकान टाकलं होतं. रात्री फोनवर जळत्या छपराचे व्हिडिओ येत राहिले आणि जुन्या मंडळींपैकी कुणीच कुणाला ‘बघितलंस का’ याच्या पुढे काही बोललं नाही.

आता उलट बाजू. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 1974 पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकं केली. शाळेचा साधा हॉल, नाट्यगृहाचा थाट शून्य. तरी मराठीतल्या एका अख्ख्या पिढीच्या चळवळीला त्या शाळेचं नाव पडलं. जुहूचं पृथ्वी थिएटर 1978 चं, जेमतेम दोनशे खुर्च्यांचं, तीन बाजूंनी प्रेक्षक. तिथे नटाने पापणी हलवली तरी शेवटच्या रांगेला कळते. तेव्हा वेगळी इमारत लागतेच का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: भव्य लागत नाही. बाराशे खुर्च्यांच्या पैशात चारशेचं नीट नाट्यगृह आणि बाजूला लग्नासाठी साधा हॉल होत असेल, तर मी डोळे झाकून ते घेईन.

नकाशा अजून कागदावर असेल तर हरकतींची मुदत बघा आणि जाऊन विचारा: टेम्पो कुठे लागणार? त्याच्या फाळक्याच्या उंचीला रंगमंचाचं दार आहे का? विंगेत दहा-बारा फूट मोकळे मिळतील का? मागून आडवं जायला वाट आहे का? दिवे टांगायला वर बार आहेत का, की फक्त फॉल्स सीलिंग आणि त्यात नक्षी? एसीचा आवाज किती?

आणि बांधून झालंच, तर उद्घाटनाच्या आधी रिकाम्या हॉलमध्ये स्टेजवर मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. आमच्या कंपनीतले एक बुजुर्ग नट प्रत्येक नव्या गावात बसमधून उतरल्यावर आधी हेच करायचे. टाळी वाजवायची, कान द्यायचा, आणि मग मेकअपला बसायचं. ज्या दिवशी ते काही न बोलता दोनदा टाळी वाजवायचे, त्या दिवशी बाकीचे नट समजायचे की आज घसा गरम पाण्याने शेकून घ्यायला हवा.