परदेशातून आलेल्या कलाकारांनी काढलेली खासगी कलाशाळा आर्थिक अडचणींतूनही टिकल्याचे उदाहरण आहे का?

आहे, ते शिकागोच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन’ या शाळेचे. मी सोलापुरात जकार्ड चादरींची, म्हणजे मागावर विणतानाच नक्षी उमटणाऱ्या चादरींची, डिझाइन्स आखतो. या शाळेची ओळख मला तिच्या विणकाम विभागामुळे झाली.

हंगेरीत जन्मलेले कलाकार लास्लो मोहोली-नॉज १९२३ ते १९२८ या काळात जर्मनीतील बाउहाउस या कला व डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत शिकवत असत. नाझींच्या दबावामुळे ती संस्था १९३३ मध्ये बंद पडली. पुढे शिकागोतील उद्योजकांच्या एका संघटनेने त्यांना बोलावले आणि ऑक्टोबर १९३७ मध्ये एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या जुन्या वाड्यात ‘न्यू बाउहाउस’ सुरू झाले. वर्षभरातच संघटनेचा पैसा आटला आणि शाळा बंद पडली. तरीही फेब्रुवारी १९३९ मध्ये मोहोली-नॉज यांनी सहकाऱ्यांसह एका जुन्या बेकरीच्या जागेत ‘स्कूल ऑफ डिझाइन’ उघडले. ग्यॉर्गी केपेश हे त्यांचे हंगेरियन सहकारी सोबत होते, आणि सुरुवातीला काही शिक्षकांनी पगाराशिवाय शिकवले. उद्योगपती वॉल्टर पेपकी यांचा आधार मोलाचा ठरला. पण शाळेची खरी स्थापना मी १९३९ चीच मानतो, कारण तेव्हा ती शिक्षकांच्या जिद्दीवर उभी राहिली.

तिथला पायाभूत अभ्यासक्रम मला विशेष भावतो. सँडपेपर, कापड, चामडे अशा पदार्थांच्या स्पर्शपट्ट्या विद्यार्थी तयार करीत आणि बोटांनी चाचपून त्यांतला फरक ओळखीत. लाकूड तासून मुठीत नेमके बसेल असे शिल्पही घडवीत. विणकाम विभाग बाउहाउसमध्येच शिकलेल्या मार्ली एर्मान सांभाळत. ग्राफवरचा एकेक चौकोन भरताना मला या शिक्षणाचे महत्त्व रोज जाणवते, कारण कागदावर देखणे दिसणारे फूल मागावर चढले की कधीकधी चादरीच्या उलट बाजूला लांब सुटे धागे सोडते, आणि तिथे हात फिरवल्याखेरीज तो दोष उमगत नाही.

युद्धकाळात धातूची टंचाई होती, तेव्हा विद्यार्थ्यांनी लाकडी स्प्रिंगांचे प्रयोग केले. केपेश शत्रूच्या नजरेपासून लपण्याच्या रंगयोजना शिकवीत. १९४४ मध्ये शाळेचे नाव ‘इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन’ झाले. नोव्हेंबर १९४६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने मोहोली-नॉज यांचे निधन झाले आणि १९४९ मध्ये शाळा इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विलीन झाली. तिचे खासगी, स्वतंत्र रूप तिथे संपले, परंतु त्याच नावाने डिझाइनचे शिक्षण तिथे आजही चालू आहे.