जनरल योव्हान दिव्याक स्वतः सर्ब होते, मग सर्बियाने त्यांच्यावर वॉरंट का काढलं आणि साराजेव्होत त्यांना एवढा मान का?

कारण १९९२ मध्ये बोस्निया युगोस्लाव्हियातून वेगळा झाला, युद्ध पेटलं आणि ते सर्ब फौजांच्या नाही तर बोस्नियाच्या राजधानीच्या, साराजेव्होच्या बाजूने उभे राहिले, आणि सर्बियात बऱ्याच लोकांच्या लेखी ही सरळ गद्दारी होती.

दिव्याक १९३७ साली बेलग्रेडमध्ये जन्मले. युगोस्लाव्ह आर्मीत ऑफिसर झाले, नोकरीनिमित्त साराजेव्होत आले आणि तिथलेच होऊन गेले. युद्धाच्या तोंडावर साराजेव्होजवळच्या किसेल्याक गावच्या स्थानिक दलाला शस्त्रं दिली म्हणून मिलिटरी कोर्टाने त्यांना शिक्षाही सुनावली होती. मग सर्ब फौजांनी शहराला वेढा घातला, तो १९९६ च्या फेब्रुवारीपर्यंत चालला, वरच्या डोंगरांवरून तोफा आणि स्नायपर आणि खाली पाणी नाही वीज नाही, आणि ह्या शहराचा बचाव करणाऱ्या बोस्नियन आर्मीचा डेप्युटी कमांडर कोण तर हा बेलग्रेडचा सर्ब माणूस.

वॉरंट होतं ३ मे १९९२ च्या प्रकरणाचं. आदल्या दिवशी युगोस्लाव्ह आर्मीने बोस्नियाचे अध्यक्ष इझेतबेगोविच यांना एअरपोर्टवरच ताब्यात घेतलं होतं. त्यांच्या बदल्यात शहरात अडकलेले ह्याच आर्मीचे जनरल कुकान्याक आणि त्यांच्या सैनिकांना शहराबाहेर जाऊ द्यायचं ठरलं, पण डोब्रोव्होल्याच्का रस्त्यावर त्या ताफ्यावर हल्ला झाला आणि सैनिक मारले गेले. किती, यावर दोन्हीकडचे आकडे आजही जुळत नाहीत. पण त्याचं फुटेज आहे, आणि त्यात दिव्याक जिवाच्या आकांताने ओरडतायत, "ने पुत्साय, ने पुत्साय", म्हणजे गोळ्या झाडू नका. मी ते कितीतरी वेळा बघितलंय आणि दर वेळी वाटतं की ह्याच माणसाला ह्याच घटनेसाठी आरोपी करणं हा उघड अन्याय आहे.

तरी मार्च २०११ मध्ये व्हिएन्ना एअरपोर्टवर सर्बियाच्या वॉरंटवरून त्यांना अटक झाली. वय ७३. साराजेव्होत हजारो लोक रस्त्यावर उतरले. जुलैमध्ये ऑस्ट्रियाच्या कोर्टाने त्यांना सर्बियाकडे द्यायला नकार दिला आणि ते घरी परतले.

पण माझ्या मनात त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो वेगळ्याच गोष्टीमुळे. त्यांच्याच आर्मीतला एक कमांडर होता, मुशान तोपालोविच, सगळे त्याला त्सात्सो म्हणायचे. त्याची माणसं शहरातल्या सर्ब नागरिकांना उचलून न्यायची, मारायची आणि शहरालगतच्या ट्रेबेविच डोंगरावरच्या काझानी नावाच्या खड्ड्यात टाकायची. दिव्याक यांनी मे १९९३ मध्ये, म्हणजे ऐन वेढ्यात, इझेतबेगोविच यांना पत्र लिहून ह्या माणसाच्या अत्याचारांबद्दल तक्रार केली. बाहेरून तोफगोळे पडत असताना आपल्याच बाजूच्या गुन्ह्यांवर बोट ठेवायला छाती लागते हो. त्सात्सोला पकडायची कारवाई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाली आणि त्यात तो मारला गेला. काझानीला शहराने स्मारक उभारलं ते थेट नोव्हेंबर २०२१ मध्ये, दिव्याक त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले होते.

आणि एक, साराजेव्होतल्या लोकांचं त्यांच्यावरचं प्रेम फक्त युद्धामुळे नाहीये. १९९४ मध्ये, वेढा चालू असतानाच, त्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली, युद्धात आईबाप गेलेल्या मुलांना स्कॉलरशिप द्यायची, आणि पुढे रोमा ह्या उपेक्षित समाजातल्या मुलांनाही. त्यात मूल बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम) आहे की सर्ब की क्रोएट हे बघायचं नाही. युद्धानंतरची जवळपास २५ वर्षं त्यांनी ह्याच कामाला दिली, त्यामुळे तिथल्या कितीतरी घरांत त्यांची ओळख जनरलपेक्षा "चिका योवो" म्हणजे योवोकाका अशीच आहे.