आधी पट्ट्या मोजा, गादी मागाहून

प्रश्न : खानापूरचं आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा निघालेल्या सागवानातून सुताराकडून पलंग करून घेतला. मुलीच्या पुण्याच्या घरी पाहिला होता तसा, सलग फळी नसलेला, आडव्या पट्ट्यांचा. आतून साडेसहा बाय पाच फूट. पट्ट्या तीन इंच रुंद, एकूण दहा. त्यावर घरातली कापसाची गादी टाकली, तर महिनाभरात ती पट्ट्यांच्या मधून खाली लोंबायला लागली आणि सौ.ची कंबर धरली. धाकटा भाऊ म्हणतो, वरून प्लायवूड मार. मुलगी म्हणते, मेमरी फोम घ्या. बेळगावात एका दुकानात गेलो, तर त्यानं ‘ऑर्थो’ म्हणून आठ इंची गादी पुढे केली. मी 66 वर्षांचा, सौ. 61. तिचे गुडघेही दुखतात आणि ती कुशीवरच झोपते. नेमकी कुठली गादी घ्यावी?
— एक निवृत्त शिक्षक, खानापूर

उत्तर : गुरुजी, तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा आकडा तुम्ही जाता जाता लिहून गेलात. दहा पट्ट्या! साडेसहा फूट म्हणजे 78 इंच. दहा पट्ट्यांनी त्यातले 30 खाल्ले, उरले 48. पहिली आणि शेवटची पट्टी कडेला टेकलेली धरली तर फटी नऊ. म्हणजे एकेक फट सव्वापाच इंचांच्या वर. त्यातून माझा आख्खा पंजा आरपार जाईल. अशा पलंगावर पाच हजारांची गादी टाका नाहीतर पन्नास हजारांची, ती फटीत उतरणारच. तुमच्या कापसाच्या गादीचा यात काही दोष नाही, बिचारीला खाली आधारच नव्हता.

तेव्हा दुकानाच्या आधी सुताराला गाठा. जुन्या घराचं थोडंफार लाकूड अजून पडवीत असेलच. त्यातून तशाच तीन इंची पाच पट्ट्या आणखी काढायच्या. पंधरा पट्ट्यांनी 45 इंच व्यापले की उरलेल्या 33 इंचांत चौदा फटी होतात आणि प्रत्येक फट अडीच इंचांच्या किंचित आत येते. फोम किंवा लेटेक्सच्या (रबराच्या चिकाच्या) गादीला तीन इंचांपेक्षा मोठी फट चालत नाही, अडीच असली तर उत्तमच. जुन्या दहाही काढून नव्यानं सारख्या अंतरावर बसवायला सांगा. नाहीतर मिस्त्री मधे मधे नव्या ठोकून मोकळा होईल. आणि खिळे नकोत, स्क्रू. खिळा कालांतरानं सैल होतो, मग कूस बदलली की पलंग करकरतो आणि दोघांचीही झोपमोड.

आणखी एक बघा. पट्ट्या पाच फूट लांब आहेत, त्यांच्या मधोमध खालून, डोक्याकडून पायाकडे जाणारा दांडा आहे का आणि त्या दांड्याला जमिनीपर्यंत पाय आहे का? नसेल तर तोही लावून घ्या. सागवान झालं म्हणून काय, दोन माणसांचं वजन रोज मधल्या भागावर येऊन पट्टी हळूहळू वाकतेच, आणि मग दोघंही रात्रभर मधे घरंगळतात.

आता तुमच्या भावाच्या प्लायवूडबद्दल. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. सुतार मिळत नसेल तर तोही मार्ग आहे. पण मी स्वतः हात पोळून घेतलाय म्हणून सांगतो. वडगावातल्या आमच्या घरी मी पट्ट्यांवर सलग प्लायवूड मारलं आणि वर नवी फोमची गादी टाकली. मृगात टाकली, ती उचलून बघायची काही आठवण झाली नाही. श्रावणात बायकोनं चादर बदलताना नाक मुरडलं, “कुबट वास येतोय ओ.” गादी उभी केली, तर खालच्या कापडावर माणसाच्या पाठीएवढा बुरशीचा काळा डाग, आणि प्लायवूडवर हुबेहूब त्याचाच ठसा. अंगातली वाफ आणि घाम गादीतून खाली उतरतो, त्याला जायला वाट हवी. आमच्याकडे ही गत, तर खानापूर-जांबोटीकडच्या पावसात काय होईल? तुमच्याकडे चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत हे तुम्हाला मी काय सांगू! पट्ट्यांचा पलंग आपल्या भागाला खरा मानवतो तो या खालच्या वाऱ्यासाठीच, तो वारा आपणच बंद कशाला करायचा? मारायचंच झालं तर प्लायवूडला वीतभर अंतरावर मोठी भोकं पाडून घ्या.

पलंग झाला. आता गादी.

‘ऑर्थो’ हा शब्द खोळीवर कोणीही छापू शकतो. बहुतेक दुकानांत त्याचा अर्थ एवढाच, की गादी कडक आहे. पाठदुखीला पाटासारखं कडक अंथरूण हवं, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलीय, की डॉक्टरही पूर्वी ‘लाकडी फळीवर झोपा’ म्हणून सांगायचे. 2003 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या 313 जणांचा अभ्यास आला होता. सगळे जुन्या कंबरदुखीचे. 90 दिवसांनी पाहिलं, तर कडक गादीवाल्यांपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं. वहिनी कुशीवर झोपतात, त्यांना तर पाट नकोच. कुशीवर खांदा आणि खुबा थोडा आत रुतला पाहिजे, तरच मणका सरळ राहतो.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत : सहा इंची गादी. खाली चार-साडेचार इंच घट्ट फोम, वर दीड-दोन इंच मऊ फोम, आणि परवडलं तर वरचा थर लेटेक्सचा. लेटेक्स महाग पडतो, पण दाबल्यावर लगेच वर येतो आणि मेमरी फोमसारखा अंगाला धरून बसत नाही. मेमरी फोमचा एक स्वभाव मुलीला सांगा : तो उबेनं मऊ होतो, थंडीत आखडतो. बेळगाव-खानापूरच्या पौषातल्या थंडीत रात्री आडवं पडलं की पहिली काही मिनिटं चिखल वाळल्यासारखा लागतो, आणि पहाटे उठताना त्याच्या खळग्यातून गुडघेदुखीच्या माणसाला कूस बदलणं जड जातं. काथ्याची गादी हवेला छान, पण कडक, आणि काही वर्षांत कमरेच्या जागी खळगा धरते. स्प्रिंगची घ्यायची तर प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत असलेली बघा, एकानं कूस बदलली तर दुसऱ्याला हादरा कमी बसतो.

डेन्सिटीचा आकडा दुकानदार तोंडावर फेकतो, तो ताडून बघता येतो. 32 डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 32 किलो, एवढं साधं. तुमच्या मापाची सहा इंची गादी 0.46 घनमीटर भरते. म्हणजे सगळा फोम 32 चा असेल तर वजन पंधरा किलोच्या आसपास, 40 चा असेल तर साडेअठरा, खोळ वेगळी. माझ्या भाच्यानं याच मापाची ‘40 ची’ म्हणून गादी आणली. मी ती गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवायला लावली, तर खोळीसकट अकरा किलो! भाचा माझ्याकडेच रागानं बघत होता, जणू काटा मीच दाबून धरलाय. (फोमचे तुकडे दाबून केलेला रीबॉन्डेड थर असेल तर मात्र हा हिशेब चालत नाही, तो मुळातच जड असतो.)

दुकानात नुसतं हातानं दाबून बघू नका. चपला काढा, वहिनींना त्यांच्या नेहमीच्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडू द्या. दुकानदार ‘झोपा की ओ, लाजताय कशाला’ म्हणेलच, त्याचा फायदा घ्या. मग उताणं पडून कमरेखाली हात सरकवायचा. हात मोकळा इकडून तिकडे गेला तर गादी फार कडक, आत जातच नसेल तर फार मऊ. आणि गादी खाली कशावर ठेवलीय तेही बघा. दुकानात ती सपाट फळीवर असते. तिथे भरभक्कम वाटलेली गादी घरी फटींवर आली की वेगळीच वागते, पुन्हा आपण पट्ट्यांवरच आलो.

आठ इंची गादी मी का नको म्हणतो ते गुडघ्यांसाठी. तुम्ही पलंगाची उंची लिहिली नाहीत. पट्ट्यांच्या माथ्यापासून जमिनीपर्यंत मोजा. 13-14 इंच असेल तर सहा इंची गादीनं उंची विसापर्यंतच राहते आणि वहिनींचे तळवे जमिनीला टेकतात. वर आणखी दोन इंच चढले की पाय लोंबकळणार आणि उतरताना सगळा भार गुडघ्यावर. आणि ऑर्डर देण्याआधी पलंगाचं माप चारही कोपऱ्यांत आतून घ्या. सुतारी पलंग एखाद्या बाजूला अर्धा इंच कमी भरतो, आणि मापानं कापलेली गादी कोणी परत घेत नाही.

प्रश्न : लग्नात आईनं दिलेली कापसाची गादी 30 वर्षांची झाली. पिंजून घ्यावी की टाकून द्यावी? मुलं हसतात.
— एक गृहिणी, निपाणी

उत्तर : ताई, हसू देत. मी गादीवाल्याचा पोरगा. शाळेत मला सगळे ‘कापूस’ म्हणायचे, कारण केसांत कायम तंतू अडकलेले असायचे. वडिलांची एक परीक्षा होती : कोपऱ्याची शिवण उसवून मूठभर कापूस काढायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचा. तंतू ताणले जाऊन मग तुटले तर पिंजण्यासारखा आहे. ओढताक्षणी भुगा पडला तर त्यात जीव उरलेला नाही. पिंजताना काही कापूस धूळ होऊन जातोच, तेवढा नवा घालून घ्या. आणि पिंजताना जवळ उभ्या राहा. आमच्याच धंद्यातली गोष्ट सांगतो, गिऱ्हाईक चहा प्यायला गेलं की चांगला कापूस दुसऱ्याच्या गादीत जायचा. पिंजलेली गादी जमिनीवर किंवा फळीच्या कॉटवर वापरा. पट्ट्यांवर नको, कारण वर गुरुजींच्या पत्रात आलंच आहे.

प्रश्न : नवरात्राआधी अंथरुणं धुऊन वाळवतो, तेव्हा फोमची गादीही गच्चीवर उन्हात टाकली तर चालेल का?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : नको. वाकळा, चादरी खुशाल टाका. फोम उन्हानं पिवळा पडून कुरकुरीत होतो, लेटेक्सचा तर चुरा होतो. पावसाळा सरला की खिडकीजवळ सावलीत भिंतीला दिवसभर उभी करा, पंखा लावा, आणि परत टाकताना डोक्याची बाजू पायाकडे फिरवा. मऊ थर एकाच बाजूला असेल तर पालथी करू नका. गादी उभी आहे तेवढ्यात पट्ट्यांमधली धूळ झाडून घ्या आणि सैल झालेले स्क्रू पिळून टाका.